बाळ कोणाच्या वहीत?

दरवर्षी पावसाळी अधिवेशन लागलं की आपल्याला मेळघाट आठवतो. विरोधी बाकांवरून आकडा येतो, इतकी बालकं कुपोषणाने दगावली. मंत्री उठतात आणि सांगतात, कुपोषणाने नाही, ती न्यूमोनियाने गेली, जन्मतःच वजन कमी होतं, जंतुसंसर्ग झाला होता. सरकार बदललं की माणसं बाकं बदलतात, वाक्यं मात्र जागच्या जागी असतात. मग संध्याकाळच्या चर्चेत कोणी विचारतं, एवढे कोटी ओतले ते मुरले कुठे? दुसरं कोणी तावातावाने म्हणतं, आधी तिथे बालरोगतज्ज्ञ द्या, आठवी-दहावी शिकलेल्या, गावात घरोघर फिरणाऱ्या आशाताईंच्या भरवशावर मुलं जगत नसतात. पाऊस ओसरतो तसा विषयही ओसरतो.

दीड किलोचं बाळ न्यूमोनियाने गेलं तर ते कुपोषणाने गेलं की आजाराने, हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं. कुपोषण म्हटलं की महिला व बालविकास खातं, आजार म्हटलं की आरोग्य, रस्ता नव्हता म्हटलं की बांधकाम. मूल कोणत्या रकान्यात मेलं यावर उत्तर कोणी द्यायचं ते ठरतं. प्रत्यक्षात साखळी एकच आहे. आई अर्धपोटी राबते म्हणून बाळ हलकं. हलकं म्हणून अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढायला जोर नाही. आणि अशा बाळात जंतू शिरले की दोन दिवसांत खेळ संपतो. या साखळीची कुठलीही एक कडी तोडली तरी बाळ वाचू शकतं, आणि सगळ्यात स्वस्तात, सगळ्यात लवकर तुटणारी कडी बाळाच्या घरातच असते.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जन्मानंतरच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी जाऊन बाळ उघडं करून बघणारं, त्याचा श्वास मोजणारं, वजन करणारं माणूस हा सरकारी तिजोरीवरचा कायमचा खर्च असला पाहिजे, तलाठ्याच्या पगारासारखा. देणगीवर नाही, पथदर्शी प्रकल्पावर नाही आणि दर भेटीमागे मोजलेल्या मोबदल्यावर तर नाहीच. संस्था हे काम सरकारपेक्षा चांगलं करू शकतात, अनेकदा करतातही. पण प्रत्येक बाळापर्यंत पोचण्याचं बंधन फक्त सरकारवरच घालता येतं, आणि या विषयात 'प्रत्येक' हाच शब्द महत्त्वाचा आहे.

आधी मृत्यू कुठे होतात ते पाहू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचा दर, हजार जन्मांमागे ३५.२ होता. त्यातले २४.९ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले, म्हणजे दहातली सात बाळं पहिला महिनाही पाहत नाहीत. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले आणि संस्थात्मक प्रसूतींचं प्रमाण ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेलं. हे मोठंच काम झालं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात नवजात मृत्युदर ३९ वरून २४.९ वर आला. बाळंतपणं दवाखान्यात दुपटीहून जास्त झाली, मृत्यू तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे वर कमी झाले. का? कारण बाळ दवाखान्यात जन्मतं आणि दोन-तीन दिवसांत घरी येतं. पुढचे पंचवीस दिवस ते आजीच्या मांडीवर, धुरकट खोलीत, शेकाच्या निखाऱ्यांशेजारी असतं. तिथे चीक पिळून टाकला जातो, मध चाटवला जातो, पारोसं नको म्हणून थंडीतही पहिल्या दिवशी आंघोळ घातली जाते. डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीच नसतं.

ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत १९९०च्या दशकात आधी नुसतं मोजलं. निम्म्याहून अधिक नवजात बाळांना औषधोपचाराची गरज पडत होती आणि तो मिळत होता जेमतेम तीन टक्के बाळांना. दवाखान्यात न्या म्हटलं तर घरचे नेत नव्हते. मग संस्थेने दवाखान्याचा हट्ट सोडला आणि गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. ३९ गावांत त्या घरोघर जायच्या. बाळ गुदमरलं तर श्वास कसा द्यायचा, ऊब कशी टिकवायची, जंतुदोषाची लक्षणं कशी ओळखायची आणि वेळ आली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'ने तो शोधनिबंध छापला. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात याच संस्थेने बारापलीकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं श्वासमोजणी यंत्र बनवलं होतं: एका बाजूला मिनिटाची वाळू, दुसऱ्या बाजूला सरकवायचे मणी. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. अडाणी बाई काय करणार, असं म्हणणाऱ्याने ते एकदा हातात घेऊन पाहावं.

'ते बंग होते म्हणून जमलं' हा आक्षेप लगेच येतो. त्यात तथ्य आहे. ध्यास घेतलेल्या जोडप्याने चाळीस गावांत केलेलं काम चाळीस हजार गावांत तसंच उतरत नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७०पासून गावातल्याच बायकांना, त्यातही गावकुसाबाहेरच्या बायकांना, आरोग्यसेविका करून दाखवलं, तेव्हाही हेच बोललं गेलं. पण बंगांच्या पद्धतीची परीक्षा त्यांच्याशिवायही झाली आहे. 'अंकुर' प्रकल्पात राज्यातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात, त्यात शहरी झोपडपट्ट्याही होत्या, तेच काम केलं आणि नवजात मृत्युदर साधारण निम्म्यावर आणला. तेव्हा माणसाच्या करिष्म्याचा मुद्दा पुरता खोटा नसला तरी अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग प्रशिक्षण, औषध आणि देखरेखीचा आहे, आणि या तिन्ही गोष्टी पैशाने विकत मिळतात.

आता विरोधकांची सगळ्यात बळकट बाजू घेतो. पहिली, हॉस्पिटलची. अकराशे ग्रॅमच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरच्या भेटी वाचवू शकत नाहीत. त्याला विशेष नवजात काळजी कक्ष लागतो, ऑक्सिजन लागतो, रात्री दोनला जागी असलेली परिचारिका लागते. नमुना नोंदणी पाहणीनुसार (ती वरच्या कुटुंब आरोग्य पाहणीहून वेगळी) केरळचा अर्भक मृत्युदर २०२०मध्ये हजारी ६ होता, महाराष्ट्राचा १६, देशाचा २८. सोळाचे सहा करायचे तर दवाखाने लागणारच. आणि नुसते कक्ष बांधून भागत नाही, हे भंडाऱ्याने शिकवलं: ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तिथे पैसा हवा, देखभाल हवी, माणसं हवीत, यावर माझा कुणाशीच वाद नाही.

वाद आहे तो 'किंवा'शी. हॉस्पिटल किंवा आशा, ही निवड कुठल्या आईपुढे असते? कक्षातून वाचून घरी आलेलं सोळाशे ग्रॅमचं बाळ कोणाच्या हाती असतं? आणि मुळात ते कक्षापर्यंत पोचतं कसं? घरात कोणीतरी त्याचा श्वास मिनिटभर, साठीच्या वर जातोय का ते मोजून, 'आज रात्रीच निघा' म्हटलेलं असतं म्हणून. गडचिरोलीत जंतुदोष झालेल्या बाळांतली दगावण्याची टक्केवारी १६.६ वरून २.८ वर आली ती घरच्या घरी. दवाखाना हा धरणासारखा आहे, पण पाटचाऱ्या नसलेलं धरण महाराष्ट्राने भरपूर पाहिलंय. केरळचं उदाहरण देणारेही एक विसरतात. तिथल्या दवाखान्यांआधी मुलींच्या शाळा होत्या, आणि घरोघर फिरणाऱ्या सरकारी परिचारिका होत्या. पगारी.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो खरा आहे. सरकारने हे एकदा करून पाहिलंय आणि ते फसलंय. २ ऑक्टोबर १९७७ला जनता सरकारने गावोगाव सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना आणली. महिना पन्नास रुपये मानधन, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी. नेमणुका झाल्या त्या बहुतांश पुरुषांच्या, बऱ्याच ठिकाणी सरपंचाच्या मर्जीतल्या. बाळंतिणीच्या खोलीत हा गडी जाणार कसा? पेटीतल्या गोळ्या संपल्या, मानधन रखडलं, मग कायम करा म्हणून मोर्चे निघाले, योजनेचं नाव दोनदा-तीनदा बदललं आणि ती हळूहळू विझली. 'सरकारी पैसा आला की सेवेची नोकरी होते आणि नोकरीचा मोर्चा होतो' असं म्हणणारे याच अनुभवावर बोट ठेवतात.

पण ती योजना मेली कशाने? पन्नास रुपयांनी, बाईच्या कामावर पुरुष नेमल्याने, औषधाचा पुरवठा तुटल्याने, आणि वरून कोणी बघायला न आल्याने. यातलं एकही कारण 'सरकारने खर्च केला' हे नाही. सगळी कारणं 'सरकारने अर्धा खर्च केला' अशी आहेत. अर्धा बांधलेला पूल पडला तर आपण पूल बांधण्याच्या कल्पनेला दोष देत नाही, कंत्राटदाराला पकडतो. बाळांच्या बाबतीतच आपल्याला कल्पना चुकीची वाटू लागते.

आणि अर्ध्या खर्चाची ती सवय आजही गेलेली नाही. गडचिरोलीचा निबंध आला १९९९ला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, आशा नेमल्या गेल्या २००५पासून. नवजात बाळाच्या घरभेटी देशभर लागू झाल्या २०११ला, म्हणजे निबंधानंतर बारा वर्षांनी. आणि लागू करताना इंजेक्शन वगळलं. डॉक्टरांच्या संघटनांची भीती, कायद्याची भीती, कारणं समजण्यासारखी होती. पण आरोग्यदूताची पिशवी घेतली आणि तिच्यातलं औषध काढून ठेवलं, असंच ते झालं. मग दर लावला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, अशा सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भागाकार करून पाहा: एका भेटीचे ४१ रुपये ६६ पैसे. आणि ते मिळणार कधी? बाळाचं वजन कार्डावर चढलं, पहिल्या लसी झाल्या, जन्मनोंद झाली आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ सुखरूप असले, तर.

या शेवटच्या अटीपाशी मी नेहमी अडखळतो. कागदावर ती किती शहाणी दिसते! काम दाखवा, पैसे घ्या. आता विचार करा: आशाताई चार वेळा गेली, चौथ्या भेटीत तिला बाळ सुस्त वाटलं, तिने गाडी बोलावली, सोबत गेली, रात्रभर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली आणि बाळ पहाटे गेलं. जिने सगळ्यात जास्त काम केलं तिचाच कागद अपुरा. आणि मृत्यूची खबर जी वर कळवणार तिच्याच कमाईशी मृत्यू बांधून टाकला, तर खबर खरी येईल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? २००१-०२च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने दाखवलं होतं की राज्यातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ज्या व्यवस्थेला मृत्यू लपवायची सवय होती तिला आपण लपवायला आणखी एक कारण दिलं.

निकालावर पैसे देण्याची ही युक्ती नवी नाही. इंग्लंडात १९०४च्या सुमारास, हजारी दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत मरत असताना, हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गावचे नगराध्यक्ष बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी लाँगवूड भागात जाहीर केलं, की बाळ वर्षाचं झालं की आईला एक पौंड देईन, आणि तसं वचनपत्र घरोघर दिलं. बक्षिसाची गोष्ट तेव्हा गाजली. पण ब्रॉडबेंट हुशार होते. त्यांना दिसलं की पौंडापेक्षा त्या निमित्ताने घरी जाणारी बाई जास्त काम करतेय. मग नगरपालिकेने अशी व्यवस्था केली, की जन्माची खबर अठ्ठेचाळीस तासांत यायची आणि पगारी महिला डॉक्टर व सेविका त्या घरी जायच्या. १९०७ला जन्मसूचनेचा कायदा झाला, १९१५ला तो सगळ्यांना सक्तीचा झाला, १९१८ला माता-बालसंगोपनाचा वेगळा कायदा आला. एका भल्या माणसाच्या खिशातला पौंड चौदा वर्षांत देशाच्या कायद्यात उतरला. आपल्याकडे गाडं उलटं चाललंय: पगारी व्यवस्था उभी करायची सोडून आपण वचनपत्रापाशीच थांबलो, आणि तेही आईला न देता सेविकेला दिलं.

तिजोरीने हा भार का उचलावा, या प्रश्नाचं उत्तर तर मुंबईतच दिलं गेलंय, आणि ते देणाऱ्याचं नाव आपण एरवी घेताना थकत नाही. १९२८च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक होतं. विरोध करणारे म्हणत होते, मालकावर बोजा पडेल, मग तो बायकांना कामावरच घेणार नाही. डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली ती अशी: आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणूनच हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा हे आपल्याला मान्य आहे, कारण लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी. मात्र ज्या मालकाला बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्यालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. १९२९ला तो कायदा झाला. ज्या शहरात तो झाला त्या मुंबईत १९२१ साली हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भकमृत्यू नोंदले गेले होते.

सहाशे! आकडा वाचून डोळे फिरतात. पण त्यातला एक भाग फसवा आहे, आणि तो फसवेपणाच मला आजच्या वादात कामाचा वाटतो. गिरणगावातल्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर, माहेरी जायच्या. जन्म तिकडच्या पाटलाच्या वहीत. दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन त्या दहा बाय दहाच्या खोलीत परतायच्या, आणि बाळ गेलं तर मृत्यू मुंबईच्या वहीत. जन्म एकीकडे, मरण दुसरीकडे. बाळाचं आयुष्य दोन वह्यांच्या मधल्या फटीत.

ती फट शंभर वर्षांत बुजली आहे का? बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर मी एका आशाताईबरोबर दोन दिवस फिरलो होतो. दिवाळी उलटून आठवडा झालेला, निम्म्या घरांना कुलपं. तिच्या वहीत ओळीने नावं होती आणि समोर लाल पेनाने एकच अक्षर, 'स्थ'. स्थलांतरित. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली जोडपी, म्हणजे साखर कारखान्याच्या भाषेत 'कोयते', सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. त्यातल्या तिघी पोटुशा. "तिथं कोण बघतं त्यांना?" मी विचारलं. ती हसली. "तिथल्या आशाच्या वहीत त्यांचं नावच नसतं ना दादा. ती म्हणती, ही माझ्या गावची न्हाई. आन मला वरून फोन येतो, तुझी भेट का राहिली म्हणून." एका घरात मात्र वीस दिवसांचं बाळ होतं, त्याच्यामुळे घर मागे थांबलेलं. तिने वाशाला झोळीचा काटा अडकवला, बाळाला फडक्यात घालून टांगलं, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली, मग बाळ आईच्या मांडीवर देऊन झबलं वर केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत श्वास मोजले. पुरतं एक मिनिट. आजी मध्येच काही बोलायला गेली तर हाताने गप्प केलं, आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले. बेचाळीस रुपयांना पडणारं ते मिनिट मी पाहिलंय.

आणि उलटंही पाहिलंय, ते लपवणार नाही. दुसऱ्या एका जिल्ह्यात कार्यालयात बसून घरभेटीचे फॉर्म चाळले होते. वजनं अशी: जन्मतः २५००, तिसऱ्या दिवशी २६००, सातव्या दिवशी २७००, पुढे दर भेटीला नेमके दोनशे. एकाच पेनाची शाई, एकाच बैठकीचं अक्षर. बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं घटतं आणि मग भरून येतं, हे कोणाही परिचारिकेला ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशी शंभर ग्रॅमने वाढलेलं बाळ हे बहुधा कागदावरचं बाळ. 'बघा, हा तुमचा सार्वजनिक पैसा,' असं कोणी म्हटलं तर मी खाली मान घालीन. पण पुढे हेही सांगीन, की त्या आशाचा काटा सहा महिने मोडका होता. आणि तिच्यावर देखरेख करणारी गटप्रवर्तक, जिच्याकडे अशा वीसेक आशा, तीही कायम नाही, स्वतःच मोबदल्यावर. खोटे फॉर्म पैसा जास्त झाल्याने जन्मत नाहीत. फॉर्म बघणाऱ्याच्या पगारात काटकसर केली की जन्मतात.

दानशूर संस्थांना, कंपन्यांच्या सामाजिक निधीला हे काम का देऊ नये, याचं उत्तर त्या 'स्थ' अक्षरात आहे. संस्था चाळीस गावं निवडते, आणि तिने निवडावीत, नवं काही शोधायचं तर मर्यादित जागाच लागते. पण बाई एक्केचाळिसाव्या गावाला जाते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, पोटासाठी सहा महिने परमुलखात राहायची लाखोंची रीत आहे. तिच्यामागे तालुका, जिल्हा ओलांडून जाऊ शकेल अशी एकच यंत्रणा आहे, आणि ती एरवी मतदार यादीसाठी, जनगणनेसाठी बरोबर जाते. पोलिओच्या दोन थेंबांसाठी तर आपण एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडातल्या कोप्यांवर माणसं उभी केली. १३ जानेवारी २०११ला हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की हे काम देणगीतून करा, किंवा मूल पांगळं झालं नाही तरच डोस देणाऱ्याला पैसे द्या.

राहता राहिला पैसा. राज्यात आशांची संख्या सत्तर हजारांवर आहे. मुंबईत आझाद मैदानावर त्या तळ ठोकून बसल्यावर, मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने त्यांच्या मानधनात महिना पाच हजारांची वाढ मंजूर केली. ते योग्यच झालं, आणि ते सरकारी तिजोरीतून झालं हेही नोंदवायला हवं. त्या वाढीचा वार्षिक हिशेब सत्तर हजार गुणिले पाच हजार गुणिले बारा, म्हणजे ४२० कोटी. मोठी रक्कम वाटते. त्याच वर्षी जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर करताना सरकारने वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली. त्या योजनेला माझा विरोध नाही, बाईच्या हातात रोख पैसा असणं हाही बाळाच्या तब्येतीचाच उपाय आहे. मुद्दा एवढाच, की ४२० कोटी म्हणजे त्या रकमेचा एक टक्काही नाही. तेव्हा 'परवडत नाही' हे वाक्य निदान हिशेबाच्या वहीत तरी टिकत नाही. खरी अडचण वेगळी आहे. या निधीत केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस, दरवर्षी नवा आराखडा, नवी मंजुरी. यात मानधन दोन-तीन महिने रखडलं तर ते कोणाचंच पाप नसतं. पगार रखडला तर बातमी होते, मोबदला रखडला तर नुसता निधी 'प्रलंबित' असतो.

'पण मृत्युदर तर उतरतोच आहे' असंही ऐकतो. खरं आहे. २००५ साली महाराष्ट्राचा ३६ होता, २०२०मध्ये १६ झाला. पण पुढची उतरण तशी सोपी नाही. आता जी बाळं मरताहेत ती सरासरीच्या बाहेरची आहेत: धारणी-चिखलदऱ्याची, जव्हार-मोखाड्याची, भामरागडची, फडावरच्या कोपीतली. लसीकरणाच्या मोहिमेत किंवा रुग्णवाहिकेच्या एका फेरीत ती हाती लागत नाहीत. त्यांच्यापर्यंत सहा-सात वेळा चालत जावं लागतं, तेही ज्या भाषेत आजी भांडते त्या भाषेत भांडू शकणाऱ्या बाईने. तिला औषध द्या, दर पंधरवड्याला तिची वही तपासणारं माणूस द्या, महिनाअखेर पगार द्या, मृत्यूची खबर दिली म्हणून तिचा रुपया कापू नका, आणि आई ज्या गावी असेल तिथल्या आशाच्या वहीत बाळाची ओळ आपोआप उघडेल अशी सोय करा. आधार कार्डावर रेशन कुठेही मिळू लागलंय, बाळाच्या भेटीची नोंद बदलायला तंत्रज्ञान अडत नाही.

परतीच्या दिवशी तांड्यावरून निघताना त्या आशाताईने मला एक नंबर दाखवला. फडावर गेलेल्या तिघींपैकी एकीच्या नवऱ्याचा. रोज रात्री आठनंतर ती फोन लावते, कारण तेव्हा उसाच्या गाड्या भरून झालेल्या असतात. नववा महिना आहे, दुखायला लागलं तर जवळचा दवाखाना कुठला, हे तिने तिथल्या एका किराणा दुकानदाराकडून काढून ठेवलंय. "ह्याचा फॉर्म नसतो," ती म्हणाली, आणि फोन पुन्हा लावला. लागत नव्हता.